काही झालं नाही

संयुक्त अरब अमिरातीत आजवर जे अपघात झाले नाहीत, त्यांतले निदान निम्मे तरी आमच्या सेफ्टीवाल्या काकांमुळे झाले नाहीत. हे मला पुराव्यानिशी सिद्ध करता येणार नाही, कारण न झालेल्या अपघाताचा पुरावा आणायचा कुठून? काकांच्या नोकरीचं सगळं दुखणं तेच होतं. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर होते. माझं ऑफिस त्यांच्या कारखान्याला लागून, आणि राहायला आम्ही दोघंही अल मनखूलला एकाच इमारतीत. मी सातव्या मजल्यावर, ते दुसऱ्या. अग्निशमनाची शिडी जिथवर आरामात पोचते त्याच्या वर शहाण्या माणसानं बिऱ्हाड करू नये, असं त्यांचं मत होतं आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याला ते सांगत. अकरा वर्षं रोज सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी ट्रॅफिक ठेवील तितका वेळ ते माझ्या गाडीत माझ्या शेजारी बसले. इतका वेळ मी माझ्या बायकोशीसुद्धा एका जागी बसून बोललेलो नाही.

त्यांना स्वतःला लायसन नव्हतं. दुबईची ड्रायव्हिंग टेस्ट ते सात वेळा नापास झाले होते आणि साती वेळा एकाच कारणासाठी: गाडी फार हळू चालवून मागच्यांची वाट अडवणे. सातव्या वेळचा कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या कव्हरात जपून ठेवला होता, प्रशस्तिपत्रक असावं तसा. माझ्या गाडीत बसले की आधी माझा बेल्ट ओढून बघायचे, मग स्वतःचा, मग मागच्या सीटवर माझी मुलगी असेल तर तिचा. 'काका, I'm fifteen!' ती म्हणायची. 'बेल्ट वय विचारत नाही बाळा,' हे उत्तर ठरलेलं. मग पुढचा पाऊण तास ते उजव्या पायानं एक नसलेला ब्रेक दाबत राहायचे. माझ्या गाडीचं त्या बाजूचं पायपुसणं तीनदा बदलावं लागलं.

कुणाच्याही घरी गेले की लोक जसे देवघराकडे बघतात तसे काका आधी बाहेर पडायचं दार बघत. आमच्याकडे सत्यनारायण होता. इथे पूजेच्या दिवशी छतावरच्या स्मोक डिटेक्टरला पिशवी बांधायची रीत आहे, नाहीतर धूप लावल्याबरोबर अख्खी इमारत रस्त्यावर येते. मी स्टुलावर चढून पिशवी बांधत होतो आणि काका दारात येऊन उभे. 'उतर,' ते म्हणाले. 'देवाच्या नावानं डिटेक्टर आंधळा करतोस?' शेवटी तडजोड अशी निघाली, की पिशवी राहील, पण डिटेक्टरचं काम काका करतील. पूर्ण कथा होईपर्यंत ते गुरुजींच्या मागे आग विझवायचा लाल सिलिंडर मांडीवर घेऊन बसले. गुरुजींच्या उपरण्याचं टोक समईपासून किती लांब आहे, याशिवाय त्यांनी कशाकडे पाहिलं नाही. साधुवाण्याची नाव बुडाली तेव्हा मात्र हळूच म्हणाले, 'लाइफ जॅकेट नसणार.' आरतीनंतर गुरुजींनी, राहू नये म्हणून, सिलिंडरलाही कुंकू लावलं. तो ठिपका काकांनी पुढे कधी पुसला नाही.

त्यांच्या शब्दकोशातली सगळ्यात मोठी दाद म्हणजे 'काही झालं नाही'. दिवस कसा गेला, असं विचारलं की तृप्त चेहऱ्यानं म्हणायचे, 'झकास. काही झालं नाही.' आमच्या मंडळाच्या अंकासाठी मुलाखत घ्यायला गेलेल्या माझ्या बायकोला त्यांनी संसाराबद्दल सांगितलं, 'तेहतीस वर्षं झाली. काही झालं नाही.' आतून काकूंनी पातेलं असं आपटलं की ते तपासायला काका स्वयंपाकघरात गेले. काकू माझ्या बायकोला म्हणाल्या, 'कुकरच्या रबराची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवतात. माझा वाढदिवस मला सांगावा लागतो.' पण सांगताना त्या हसत होत्या, हेही सांगायला हवं.

आता या माणसाचा आणि अमेरिकन फुटबॉलचा काय संबंध? लांबट चेंडू हातात धरून पळायचं, एकमेकांना आडवं करायचं आणि वर त्याला फुटबॉल म्हणायचं, असा तो खेळ. दहा वर्षांपूर्वी त्यांच्या कारखान्याची तपासणी करायला एक अमेरिकन गृहस्थ आले होते. चहा घेताना ते सहज म्हणाले की त्यांचा भाचा तिकडे एका मोठ्या संघात सेफ्टी आहे. काका खूश. चोवीस वर्षांचा पोरगा आणि एवढ्या मोठ्या संघाचा सेफ्टी ऑफिसर! त्यांनी खिशातून स्वतःचं कार्ड काढून त्या गृहस्थांच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, 'गिव्ह हिम. फ्रॉम वन सेफ्टी टू अनदर सेफ्टी.' त्या गृहस्थांनी हसत हसत मोबाइलवर भाच्याचा खेळ दाखवला. हेल्मेट आणि खांद्याचे गार्ड पाहून काकांनी मान डोलावली. दुसऱ्या क्षणी तो भाचा सुसाट धावत आला आणि चेंडू घेऊन पळणाऱ्या एका भल्या माणसाला त्यानं उचलून जमिनीवर आपटलं.

'हा सेफ्टी?' काका ओरडले. 'अहो, हाच तर अ‍ॅक्सिडेंट करतोय!'

त्या गृहस्थांनी मग समजावून सांगितलं. सेफ्टी ही मैदानावरची एक जागा आहे. बचाव करणारे सगळे पुढे असतात, सेफ्टी सगळ्यात मागे. पुढच्या दहा जणांच्या हातून माणूस निसटला, तर याच्यापाशी येतो. काकांनी विचारलं, 'आणि याच्या मागे कोण?' ते म्हणाले, 'नोबडी, सर.'

त्या दिवशी संध्याकाळी परतताना काका ब्रेक दाबायचे विसरले. मग बोलले, ते अबुधाबीबद्दल. नोकरीला नवे असतानाची गोष्ट. बांधकामावर एक जण फळीवरून घसरता घसरता वाचला. काका लिहून घ्यायला लागले तर फोरमन म्हणाला, 'अरे, कुछ हुआ नहीं ना? फिर लिखना काय को?' काकांनी वही मिटली. दहा दिवसांनी त्याच फळीवरून दापोलीकडचा एक जण गेला. 'त्याच्या घरी पत्र मी लिहिलं,' काका म्हणाले. 'तेव्हा मात्र लिहावं लागलं.' एवढंच. अकरा वर्षांत हा विषय त्यांनी त्या एका दिवशी काढला.

तेव्हापासून तो अमेरिकेतला मुलगा काकांचा झाला. सामने आमच्याकडच्या सोमवारी पहाटे लागत. काका पाचला उठून बघायचे आणि साडेसहाला गाडीत मला सांगायचे. मी आजतागायत तो खेळ पूर्ण पाहिलेला नाही, पण त्या मुलाची सगळी कारकीर्द मला शेख झायेद रोडच्या एक्झिटांसकट पाठ आहे. दरवर्षी तिकडे संघ नव्या खेळाडूंची निवड करतात, त्या दिवशी याला कुणी विचारलंच नव्हतं. सरावापुरता घेतला होता. त्या जागेवरच्या खेळाडूचा खांदा निखळला म्हणून मैदानात आला आणि टिकला. नऊ वर्षांत चार संघ, गुडघ्याची दोन ऑपरेशनं. प्रसिद्ध कधी झालाच नाही. 'कसा होईल?' काका तावातावानं म्हणायचे. 'तो उभा असतो तिकडे समोरचा चेंडू फेकतच नाही! आता जो चेंडू फेकलाच नाही तो मोजणार कोण?' हे बोलताना ते अमेरिकेबद्दल बोलत नसायचे, हे मला कळायचं. कारखान्यात लोक त्यांना 'लाल सिग्नल' म्हणत. जेवणाच्या सुट्टीत कुणाच्या हेल्मेटमध्ये कांदे दिसले की काका गरजायचे, 'भाई, इस में प्याज नहीं, सर रखने का!' आणि सगळे हसायचे.

गेल्या वर्षी काकांची साठी आली. कंपनीनं कळवलं की आता व्हिसा वाढवायचा नाही. काका हो म्हणाले. पण मनात एक होतं, आणि ते रोज मला ऐकवायचे. कारखान्याच्या फाटकावर एक फलक आहे: शेवटच्या अपघातानंतर किती दिवस झाले त्याचा. रोज सकाळी काका स्वतःच्या हातानं आकडा बदलायचे. त्यांचा शेवटचा दिवस शुक्रवार, आणि त्याच शुक्रवारी फलकावर एक हजार येणार होते. न झालेल्या गोष्टींचा एकुलता एक पुरावा. त्या आकड्यापुढे उभं राहून काकूंबरोबर फोटो काढायचा होता. काकूंनी साडी काढून ठेवली होती. हेड ऑफिसातून ढाल येणार होती, केकवर इंग्रजी आकड्यांत एक हजार लिहायला सांगितलं होतं.

आदल्या शनिवारी, आकडा नऊशे चौऱ्याण्णव असताना, पॅकिंगमधला एक जालन्याचा गडी दोन पायऱ्यांच्या शिडीवरून घसरला. मनगटाचं हाड चिरलं. डॉक्टरनं आठवडाभर विश्रांती सांगितली. विश्रांती म्हणजे कामाचे दिवस बुडाले, आणि दिवस बुडाले की फलक शून्यावर. मॅनेजर काही वाईट माणूस नव्हे. तो काकांच्या भल्यासाठीच म्हणाला, 'उसको ऑफिस में बिठा दो, फाइलें देखेगा. छुट्टी नहीं, तो अ‍ॅक्सिडेंट नहीं. खलास. कुछ हुआ ही नहीं.' त्या गड्यानंही हात जोडले, एक हात बांधलेला होता तरी. 'साब, मैं ठीक हूँ. आपका हजार होने दो.'

शनिवारी संध्याकाळी गाडीत काकांनी हे सगळं सांगितलं. मीच म्हणालो, 'काका, सहा दिवसांचा तर प्रश्न आहे. तुम्ही आयुष्यभर इतकं केलंत. घ्या ना एवढं.' मला खरंच तसं वाटत होतं. त्यांनी माझा बेल्ट उगाचच एकदा ओढून पाहिला.

सोमवारी सकाळी ते गाडीत बसले ते मोबाइल पुढे करूनच. त्यांचा तो मुलगा हरला होता. शेवटच्या मिनिटाला त्याच्या बाजूनं एक जण निसटला आणि सामना गेला. खरं तर चूक पुढच्या खेळाडूची होती, समालोचकही तेच म्हणत होते. पण सामन्यानंतर माइकसमोर हा घामेजलेला, चौतिशीला टेकलेला माणूस म्हणाला, 'दॅट वन इज माइन.' काकांनी तेवढा तुकडा चार वेळा लावला.

'ऐकलंस? म्हणतो, तो माझा.'

'पण काका, चूक तर दुसऱ्याची होती ना?'

'मागे कोण उभा होता?' काका म्हणाले.

फाटकाशी उतरले, ते तडक आत. नऊ वाजेपर्यंत रिपोर्ट गेला होता. शिडीचं रबर झिजलं होतं, तपासायचं राहिलं, जबाबदारी माझी, असं त्यांनी स्वतःच्या नावावर लिहिलं. मग बाहेर येऊन फलकाचा आकडा बदलला. शनिवार शून्य, रविवार एक, सोमवार दोन. संध्याकाळी मी फाटकाशी थांबलो तेव्हा एवढ्या मोठ्या फलकावर तो एकटाच दोन बघून मला त्यांचा राग आला.

शुक्रवारचा निरोपसमारंभ दहा मिनिटांत उरकला. ढाल आली नाही, हेड ऑफिसातून कुणी आलं नाही. केक मात्र आधीच सांगितलेला होता, तो आला एक हजार घेऊन. सगळे त्याच्याकडे न बघता उभे. तेवढ्यात निरोपापुरता आलेला तो जालन्याचा गडी पुढे झाला. डाव्या हातानं चमच्यानं त्यानं एक आणि दोन शून्यं पुसून टाकली आणि उरलेल्या शून्याला चॉकलेटची शेपटी काढून त्याचा सहा केला. त्या दिवशी फलकावर सहाच होते. 'साब, अब करेक्ट है,' तो म्हणाला. काका हसायला लागले आणि हसता हसता त्यांना चष्मा काढावा लागला. काकूंनी ती साडी नेसली होतीच. फोटो सहासमोर निघाला.

आता काका देवरुखला असतात. अमेरिकेतल्या त्या मुलानंही त्याच मोसमानंतर खेळणं सोडलं. कुठेतरी दोन ओळींची बातमी आली, ती काकांनीच मला पाठवली. गाडीत मी एकटा असतो. शेजारच्या सीटवर लॅपटॉपची बॅग ठेवली की गाडीला वाटतं माणूस बसलाय आणि ती टुणटुण करते. म्हणून मी बॅगेला बेल्ट लावतो. आणि फाटकावरून गेलो की ऑफिसात पोचल्यावर काकांना फलकाचा आकडा कळवतो: आज दोनशे बारा, आज दोनशे तेरा. त्यांचं उत्तर येतं, 'झकास.'

परवा कामाच्या गडबडीत कळवायचं राहिलं. दुपारी त्यांचा फोन आला. आवाज घाबरलेला होता.

'काय रे, काही झालं का?'

'नाही हो काका. काही झालं नाही, म्हणून लिहिलं नाही.'



'काही झालं नाही ना,' काका म्हणाले, 'मग तसं लिहायचं.'

मी लिहिलं.