पडलेल्यावर वार

साजगावच्या कारखान्यातलं कंत्राटी काम सुटल्यावर गजा कर्जतबाहेरच्या एका स्टुडिओत लागला. अंतराळातल्या लढायांची मालिका तिथे चालू होती. नायकाच्या जागी लढायला कुणीतरी हवं होतं. गजाचे वडील गावचे लाठीकाठीचे वस्ताद. ते गेले, तालमीत आता मोटारसायकली उभ्या असतात. पण गजाच्या अंगातली काठी गेली नव्हती.

दिग्दर्शक अनुपम कर्जतचाच, एका शाळामास्तरांच्या घरातला. पहिल्या दिवशी त्याने गजाला चित्रं दाखवली. धन्यापुढे मान झुकवून बसलेला जपानी सामुराई. घोड्यावरून एकटाच मुलूख फिरणारा, दुबळ्यांसाठी लढणारा युरोपातला नाइट.

"आपला योद्धा या दोघांचा वंशज," अनुपम म्हणाला. "घोड्याऐवजी यान, तलवारीऐवजी विजेचा भाला. नेम मात्र जुनाच. पडलेल्यावर वार नाही."

"आमच्यात पन तेच हाय, सर."

समोरच्याची काठी सुटली की आपली काठी उभी जमिनीला टेकवायची, तो उठेपर्यंत थांबायचं. वस्तादांनी हे आधी शिकवलं होतं, वार नंतर.

गजाची कुरकुर एकच, शिरस्त्राणाच्या झडपेची. "तोंडच दिसत नाय. आईला काय दाखवू?" शॉट सुरू होईस्तोवर तो झडप वरच ठेवायचा, कुणाला तरी ओरडावं लागायचं.

मग तो प्रसंग आला. धन्याच्या हुकमावरून योद्धा निःशस्त्र शत्रूला मारतो. शत्रू झाला होता हर्षद, गजाच्याच आळीतला; त्याचंही तोंड शिरस्त्राणाआड. हर्षद पडला, त्याचा भाला सुटला, आणि गजाने आपला भाला जमिनीला टेकवला. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच.

"मार ना रं गजा! रबराचा तर हाय. हितं पाठ भाजली माजी."

सगळे हसले. अनुपम जवळ आला. "तो नेम मोडतो, तिथेच त्याची गोष्ट सुरू होते. तुला नसेल जमत तर दुसरा माणूस बोलवावा लागेल."

गजाला काम हवं होतं. त्याहून अवघड म्हणजे, अनुपमचं म्हणणं त्याला पटत होतं. हुकूम आणि नेम समोरासमोर आल्यावर माणसाने काय करायचं, ते त्या चित्रांत नव्हतं. वस्तादांनीही सांगितलं नव्हतं.

या वेळी कुणी ओरडायच्या आधीच त्याने झडप खाली ओढली. वार बिनचूक बसला. टाळ्या पडल्या, हर्षद धूळ झटकत उठला. गजाने झडप बराच वेळ वर केली नाही.

मालिका मोबाइलवर आली, तेव्हा त्याची आई सोनुबाई पडद्याला डोळे लावून बसली.

"ह्यात तू कंचा रं?"

गजाने पडलेल्यावर बोट ठेवलं.

तिने तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. पाहिला. मग हळूच म्हणाली, "मंग ह्या मारनाऱ्याचा डावा पाय तुज्या बापावानी कसा पडतो?"