बाळंतिणींच्या खोलीची तावदानं

पडदा वर जाऊ द्या. हा पडदा मखमलीचा नाही. खिडकीच्या चौकटीला खिळ्यांनी ठोकलेलं प्लास्टिक आहे ते. वारा आला की पोट फुगवतं, वारा गेला की फडाफडा आपटतं. आत इस्पितळाची बाळंतिणींची लांबलचक खोली. खाटा भिंतीशी ढकललेल्या, गाद्या गुंडाळून ठेवलेल्या, आणि मधोमध मोजपट्टी घेऊन उभा असलेला एक ठेंगणा, रुंद खांद्यांचा माणूस. मिशीला पुट्टीचा पांढरा ठिपका. हे काचकाका, गावभर खिडक्यांना काचा बसवणारे.

शहरावर तोफा चालू झाल्यापासून काचकाकांइतका धंदा कुणाचा झाला नाही, आणि त्या धंद्याला त्यांच्याइतक्या शिव्याही कुणी घातल्या नाहीत. "मी काय यांना गिऱ्हाइकं पाठवायला सांगितलं होतं?" असं ते आकाशाकडे बघून विचारायचे. मग काच यायचीच थांबली. गावभर प्लास्टिक आलं आणि काका नुसते बसून राहिले.

बाळंतिणी तळघरात गेल्या. एका दिव्याच्या उजेडात, ओल धरलेल्या भिंतींमध्ये पोरं जन्माला येऊ लागली. आता काकांच्या लेकीचे दिवस भरत आले होते. जावई आघाडीवर, म्हणून ती माहेरी होती. तिने एकच धोशा लावला होता.

"बाबा, मी तळघरात जाणार नाही. दादा तिथेच गेला. त्याच छताकडे बघत मी कळा देऊ?"

दादा म्हणजे काकांचा मुलगा. पाव आणायला गेला होता, रांगेत तोफगोळा पडला. तळघरात नेईपर्यंत श्वास होता.

"मग मी घरीच बाळंत होते," लेक म्हणाली.

डॉक्टरबाई भडकल्या. "घरी? रक्तदाब बघितलाय का हिचा? घरी दोघांपैकी एक तरी जाईल. आणि वरच्या खोलीत काच नसेल तर बाळ थंडीने जाईल. काका, काय ते तुम्ही ठरवा."

नेमकी त्याच आठवड्यात काचेची एक पेटी कशीबशी शहरात पोचली आणि डॉक्टरबाईंनी भांडून ती बाळंतिणींसाठी मिळवली. काकांनी एका खिडकीचं माप घेतलं, दुकानात जाऊन पेटीतली सगळी काच त्या मापाने कापली, आणि शीळ घालत परत आले. पहिलं तावदान अलगद बसलं. दुसरं कोपऱ्यात अडकलं. तिसरं चौकटीतून आरपार निघालं, त्याला धरायला काही नव्हतंच.

काका खाली बसले ते बसलेच. जेवणाचा डबा घेऊन काकू आल्या तेव्हाही ते भिंतीला पाठ लावून होते.

"अहो, काय झालं?"

"धक्क्यांनी चौकटी मुरडल्यात. एकीसारखी दुसरी नाही."

"आणि तुम्ही एकाच खिडकीचं माप घेतलंत?"

काकांच्या दुकानात माप घ्यायचं काम मुलाचं होतं. तो खिडक्यांवर चढायचा, खालून वर, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पट्टी धरायचा आणि आकडे ओरडून सांगायचा. बाप कापायचा. बापाला माप घ्यायची सवयच उरली नव्हती.

काकूंनी त्यांच्या हातातली मोजपट्टी काढून घेतली, पदर खोचला आणि खाटेवर चढल्या.

"मी सांगते, तुम्ही कापा. आणि आधी ती मिशी पुसा, डॉक्टरबाई हसतात."

"तुला जमेल?"

"तुमच्याशी संसार जमला, हे काय मोठं?"

मोठी झालेली तावदानं पुन्हा कापून बसली. पण लहान झालेल्यांच्या कडेला वीतभर फटी राहिल्या, आणि काच संपली होती. काकूंनी फटीतून हात बाहेर काढून बघितला, मग घरी गेल्या. परत आल्या त्या मुलाची तसबीर घेऊन. चौकट उलटी केली, मागचा पुठ्ठा काढला, फोटो काढून पोलक्यात ठेवला आणि काच नवऱ्यापुढे धरली.

"अगं, त्याची काच?"

"त्याला आता थंडी वाजायची नाही. त्याच्या भाच्याला वाजेल."

काकांनी ती काच कापली.

बातमी जिन्याने खाली गेली आणि रस्त्याने पसरली. दुपारपर्यंत लोक काखेत तसबिरी घेऊन वर येऊ लागले. कुणाचा भाऊ, कुणाची आई, कुणाची दोन्ही लेकरं. फोटो जवळ ठेवायचे, काच द्यायचे. एक बाई काच ठेवून नाव न सांगता निघून गेली. शेजारची आजी मात्र नवऱ्याचा फोटो उलटसुलट करून बघत म्हणाली, "बरं झालं मेली काच गेली! उजेड नेमका ह्यांच्या नाकावर चमकायचा. आता कसे माणसासारखे दिसतात."

सगळे हसले. त्या खोलीत कितीतरी महिन्यांनी कुणी हसलं होतं.

मोडक्या कपाटाच्या फळ्या चिरून काकांनी मधल्या पट्ट्या केल्या. तुकड्याला तुकडा लागत गेला. डॉक्टरबाई आल्या, एकेका तावदानासमोर थांबल्या.

"स्फोट झाला तर यांच्या सुऱ्या होतील, काका."

"खरं आहे. म्हणून दोन्ही बाजूंनी पारदर्शक चिकट कागद लावलाय. काच फुटेल, उडणार नाही. आणि खाटा आतल्या भिंतीला ठेवा."

बाईंनी नखाने कागद सोलायचा प्रयत्न केला. सुटला नाही. त्यांनी जिन्यात जाऊन हाक दिली, "खाटा लावा रे! बाळंतिणींना वर आणा!"

त्याच रात्री कळा सुरू झाल्या आणि लेक एकेक पायरी चढली. प्रत्येक वळणावर थांबायची, आईचा हात आवळायची, पुन्हा निघायची. सकाळ उजाडली तेव्हा ऊन त्या ठिगळांच्या खिडक्यांमधून आत आलं आणि चौकोन चौकोन होऊन चादरींवर पसरलं. त्याच उजेडात मुलगी झाली. तिच्या पहिल्या आवाजाने जिन्यात ताटकळलेल्या सगळ्यांनी टाळ्यांचा असा कडकडाट केला की परिचारिकांना "हळू, हळू" म्हणत बाहेर धावावं लागलं, आणि त्याही टाळ्या वाजवूनच आत आल्या.

काका नात घेऊन खोलीच्या मध्यावर उभे होते. तेवढ्यात लांबवर तोफ झाली. तावदानं थरथरली, एकजात गुणगुणली. सगळे जागच्या जागी थिजले. मग आवाज विरला. एकही काच तडकली नव्हती.

डॉक्टरबाई खिडक्यांकडे बघत हळूच म्हणाल्या, "आज टिकल्या. उद्या फुटल्या तर?"

काकांनी नातीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"फुटल्या तर पुन्हा बसवू, डॉक्टरबाई. हिची आजी माप घेईल. आत्ता जरा बाजूला व्हा, पोरीला ऊन लागू द्या."