तीन बरण्या, तीन पाने

वनस्पतिशास्त्र विभागात एकतीस वर्षे प्रयोगशाळा सहायक म्हणून काम केलेल्या या गृहस्थांना सगळे चिमटेकाका म्हणत. कारण झाडाचे पान असो वा कपात पडलेली मुंगी, बोटांनी ते काही उचलत नसत. निवृत्तीनंतर विभागातली एकच गोष्ट त्यांच्यापाशी उरली होती: बाहेरच्या खोलीतल्या चार फुटी काचेच्या टाकीत वाढणारी एक पाणवनस्पती. ज्या तळ्यातून त्यांनी ती आणली, ते बुजवून तिथे वाहनतळ झाला. ती अन्यत्र कुठेच नाही, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. मात्र विभागाच्या नोंदवहीत दुसरे ठिकाण नाही, आणि काकांना बारा वर्षे शोधूनही ते सापडलेले नाही. टाकीत तिची दोन रोपे होती. पाने मिळून एकोणीस.

त्या वर्षी पानांवर शेवाळ चढले. पाने कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ. खरवडली की फाटत, आणि तशीच ठेवली तर उजेडावाचून पिवळी पडत. शेवाळ मारणारे औषध रोपालाही मारील, याविषयी काकांना शंका नव्हती. उपाय एकच राहिला: शेवाळ खाईल पण पानाला तोंड लावणार नाही, अशी गोगलगाय.

शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याच्या दुकानात ते भिंग घेऊन सलग तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी मासेवाला म्हणाला, "काका, गोगलगाय घेताय की सून बघताय?"

"सून नाही पटली तर वेगळं राहता येतं. ही सोनेरी गोगलगाय पानं खाते का?"

"ही? अहो, अगदी गरीब. शेवाळ सोडून कशाला शिवली तर दुकान बंद करीन."

"तुम्ही स्वतः पाहिलंय?"

"माझ्याकडे सगळी प्लास्टिकची झाडं आहेत, काका."

दुकानदाराचा शब्द म्हणजे पुरावा नव्हे, हे काका जाणून होते. सोनेरीसारख्या दिसणाऱ्या दोन जाती असतात, त्यांतली एक रोपे फस्त करते, आणि दुकानात दोन्ही एकाच नावाने खपतात, असे त्यांनी वाचले होते. म्हणून त्यांनी तीन प्रकारच्या गोगलगायी आणल्या: बांगडीसारखी चपटी तपकिरी, काळ्या पट्ट्यांची, आणि मोठी सोनेरी. तीन बरण्या उकळून घेतल्या. काळजावर दगड ठेवून एकोणिसांतली तीन पाने तोडली, तरंगू नयेत म्हणून प्रत्येकाच्या देठाला तारेने खडा बांधला आणि दहा दिवसांची वही सुरू केली.

ही वही उपलब्ध आहे. रोज सकाळी आठ वाजता नोंद, अक्षर छापल्यासारखे. चौथ्या दिवशी तपकिरी मेली. सहाव्या दिवशी पट्ट्यांची तळाशी पडली, ती पुन्हा हलली नाही. दोघींपुढे शेरा एकच: "जात नाजूक, अयोग्य." सोनेरीपुढे दहाही दिवस लिहिले आहे: "जिवंत. पान अखंड."

सातव्या दिवशी झालेले बोलणे मात्र वहीत नाही; ते काकूंनी सांगितले.

"अहो, दोन मेल्या. बरणीतच काही असेल."

"बरण्या मी स्वतः उकळल्या आहेत."

"मग त्या तिसरीला तरी विचारा, ती का जेवत नाही म्हणून. गोगलगाय नि पोटात पाय!"

"तिनं जेवू नये म्हणून तर हा सगळा खटाटोप."

अकराव्या दिवशी काकांनी दुकानातून आणखी तीन सोनेरी आणल्या आणि चारही टाकीत सोडल्या. दोन दिवस त्या काच चाटत फिरल्या. पानांवरचे शेवाळ जागोजागी नाहीसे झाले. "काम चोख," असे वहीत आहे. वहीतले हे एकमेव कौतुक. मग काका आणि काकू तीन दिवस लेकीकडे जाऊन आले. परतल्यावर टाकीत देठांचे खुंट तेवढे उभे होते.

निरोप मिळताच विभागातल्या निवृत्त प्राध्यापिका, ज्यांना काका आजही बाई म्हणतात, भेटायला आल्या. त्यांनी वही सुरुवातीपासून वाचली.

"चिमटेकाका, बरणीतल्या पानावर शेवाळ होतं ना? ते तरी तिनं खाल्लं का?"

काकांनी वहीची पाने मागे-पुढे उलटली. "शेवाळाचा रकाना नाही केला, बाई. प्रश्न पानाचा होता."

"म्हणजे ती काहीच खात नसली, तरी वहीवरून कळणार नाही. आणि खडा कशानं बांधलात?"

"तारेनं. तांब्याच्या. नमुने बांधायची ती आपलीच, प्रयोगशाळेतली."

बाईंनी चष्मा काढला. नमुने तांब्याच्या तारेने बांधायला काकांना त्यांनीच शिकवले होते. ते नमुने वाळवलेले असत, त्यामुळे पाण्यात तांबे उतरले तर काय होईल, हा प्रश्न एकतीस वर्षांत कुणाला पडला नव्हता. "गोगलगायीला तांबं म्हणजे विष," त्या म्हणाल्या. "दोघी त्यानं गेल्या. कदाचित त्याच उपयोगाच्या होत्या. ही अंगानं मोठी म्हणून तगली. अन्नावरची वासना तेवढी उडाली. टाकीत आली आणि बरी झाली."

"माझ्या टाकीत बरी झाली," काका म्हणाले.

"दुसरीकडे कुठंतरी असेल हो रोप."

"कुठं?"

बाईंनी वही मिटून टाकीशेजारी ठेवली.

गोगलगायी दुकानात परत गेल्या. मासेवाला म्हणाला, "वा, काय अंगानं भरल्यात!" या रोपाच्या कंदांतून कधीकधी नवा कोंब फुटतो, एवढ्या आधारावर त्यांनी दोन्ही कंद धुतलेल्या वाळूत पुन्हा रोवले. रोज सकाळी आठला ते रिकाम्या दिसणाऱ्या टाकीसमोर बसत. वहीत ओळीने एकवीस वेळा "बदल नाही" आहे.

"आता कुणासाठी पाणी बदलताय?" काकूंनी एकदा विचारले.

"अजून कुजल्याचा वास नाही."

बाविसाव्या दिवशी वास आला. काकांना आला, काकूंनाही आला. काकूंनी खिडकी उघडली. काकांनी वाळूत चिमटा घातला. कंद त्याच्या टोकावर लोण्यासारखा पसरला. दुसराही तसाच निघाला. मग त्यांनी नळी आणली आणि टाकीतले पाणी मोरीत सोडले. पाणी ओसरेपर्यंत ते नळी धरून उभे होते. त्या तारखेपुढे वहीत काहीच लिहिलेले नाही.