शालिनीबायच्या जोड्या

शालिनी मांद्रेकर मूळची पेडण्याची. डिचोली तालुक्यातल्या एका वीज कचेरीत ती कारकून होती. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्याच्या पुढच्या वर्षी आयटीआयमधून सात अप्रेंटिस आले आणि साहेबांनी त्यांची फाईल तिच्या टेबलावर ठेवली. हजेरी घ्यायची, वर्षाअखेर दाखले द्यायचे, एवढंच काम.

महिन्याभरातच तिच्या ध्यानात आलं की ही मुलं शिकत काहीच नाहीत. चहा आणायचा, शिड्या वाहायच्या, जुनी रजिस्टरं उतरवून काढायची. तिने साहेबांकडे जाऊन सांगितलं, एकेका मुलाला एकेक जुना लाइनमन जोडून देते. जोडी वर्षभर मोडायची नाही. काय शिकवलं ते लाइनमनने दर शनिवारी फॉर्मवर लिहून द्यायचं. साहेब हो म्हणाले.

सहा लाइनमन तयार झाले. सातवे विठू गावस तयार होईनात. गोवा मुक्त झाल्यानंतर तालुक्यात विजेचे पहिले खांब उभे राहिले तेव्हापासून ते या कामात, आणि हात सगळ्यांत पक्का. आपल्याला वेळ नाही, एवढंच ते म्हणत. शालिनीला वाटलं, माणूस गर्विष्ठ आहे.

एका दुपारी ते पायरीवर पाव खात बसले होते. ती शेजारी जाऊन बसली आणि फॉर्म पुढे करून विचारलं, यात काय खटकतं? त्यांनी कागद उलटसुलट केला, मग हळू आवाजात म्हणाले, “शिकवूंक येता माका. बरोवंक येना, बाय.”

लिहिता येत नाही, हे त्यांनी इतकी वर्षं कचेरीत कुणाला कळू दिलं नव्हतं. मनात त्यांना गर्विष्ठ ठरवल्याची शालिनीला लाज वाटली. एकट्या त्यांना सवलत दिली तर बोभाटा होईल, म्हणून तिने सातही जोड्यांचा नियम बदलला: लाइनमनने सांगायचं, अप्रेंटिसने लिहायचं. बाहेर मराठी-कोंकणीचा वाद अजून तापलेला होता. कुठल्या भाषेत लिहिलेलं चालेल, असं हेडक्लार्कने विचारलं.

“खांबावरून ओरडतात त्या भाषेत,” ती म्हणाली.

विठूमामांच्या वाट्याला वैशाली आली, सातांतली एकटी मुलगी. तिचे वडील चंदगडकडून येऊन साखळी गावाजवळच्या खाणीवर कामाला लागलेले. विठूमामा कोंकणीत सांगत, ती आपल्या मराठीत उतरवी. जवळजवळ प्रत्येक फॉर्मवर एक वाक्य असायचंच: तार मेली आहे, तिच्यात वीज नाही, हे आपल्या डोळ्यांनी पाहावे, दुसऱ्याच्या शब्दावर चढू नये.

फेब्रुवारीत आमोण्याला नदीकाठी एक तार तुटली. विठूमामा रजेवर होते. नव्या इंजिनियरने वैशालीला खांबावर चढायला सांगितलं. लाइन बंद केल्याचा फोन आलाय, असं तो म्हणाला. तिने आधी टेस्टर मागितला. तो चिडला, पण ती हलली नाही. शेवटी लांब काठीच्या टोकाचा टेस्टर वर तारेला लावला, आणि त्याचा दिवा लागला. भलतीच लाइन बंद झाली होती.

तरीही इंजिनियरने हुकूम मोडल्याची लेखी तक्रार केली. साहेबांनी शालिनीला बोलावलं. तिने वैशालीचे सगळे फॉर्म त्यांच्या पुढ्यात ठेवले.

“तिने शिस्त मोडली नाही, सर, पाळली. ती शिस्त मी शिकवायला लावली. शेरा मारायचाच तर माझ्या नावावर मारा.”

साहेबांनी फॉर्म एकेक करून वाचले. तक्रार त्यांनी तिथेच फाडली, आणि फॉर्मवरचं ते वाक्य टाइप होऊन लाइनमनांच्या प्रत्येक गाडीत लागलं.

विठूमामा रजेवरून आले ते आधी आमोण्याला जाऊन तो खांब बघून आले. मग शालिनीच्या टेबलापाशी आले. पुढच्या वर्षी आपल्याला दोघं द्या, म्हणाले.

शालिनीने पुढे एकवीस वर्षं हे काम सांभाळलं. दर जूनमध्ये नवी मुलं आली की ती आधी लाइनमनांबरोबर दोन दिवस गाडीतून फिरे, मगच जोड्या लावी. वैशाली साखळीला नोकरीत कायम झाली आणि काही वर्षांनी तिचं नाव जोड्यांच्या यादीत शिकवणाऱ्यांच्या रकान्यात आलं. ती यादी शालिनीने टंकलेखकाकडे दिली नाही, स्वतः टाइप केली.