एका शोधनिबंधाची दुरुस्ती

वहिनींचा फोन आला तेव्हा मी पुसदच्या बाजारात वांगी निवडत होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या बोलल्या. पिशवी तिथेच टाकून मी यवतमाळची एसटी पकडली. शेजारच्या माणसाने विचारलं, "कोण गेलं जी?" मी म्हटलं, "डॉक्टर. फिटवाले." "अरे देवा! आमच्या पोरीले त्याहीच्याच गोळ्या हायेत," तो म्हणाला.

डॉ. वसंत माझा शाळेपासूनचा दोस्त. फिट आणि अर्धांगवायू, या दोनच गोष्टींवर त्याने जन्मभर लिहिलं. त्याचे शोधनिबंध परदेशी नियतकालिकांत छापून यायचे. इकडे कापसाचे भाव पडले की त्याच्याकडे फिटचे पेशंट वाढायचे. "कापूस विकला का मंग घेऊ गोळ्या," म्हणत लोक औषध मध्येच सोडायचे. त्यावरचा त्याचा निबंध फार गाजला. पण त्याला अभिमान होता तो खरेपणाचा. रोग्याच्या नातेवाइकाने सांगितलेलं पटलं नाही, तर तो ती केसच काढून टाकायचा. "मास्तर, एक खोटं आत शिरलं न, का मंग साऱ्या लेखाचा चिखल होते," म्हणायचा.

गावोगाव लावायचं त्याचं पत्रक मराठीत मी केलं. फिट आली तर रोग्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा हुंगवू नका. शेवटचं वाक्य माझं स्वतःचं होतं: 'चप्पल पायातच असू द्या.' त्यावर तो खदाखदा हसला होता. मी ते वाक्य चारचौघांत मिरवायचो...

मागच्या वर्षी त्याला अर्धांगवायूचा हलका झटका आला. बरा झाला, हिंडायला-फिरायला लागला, आणि एका रविवारी माझ्या अंगणात पोहे खाताखाता खुर्चीवरून कोसळला. हातपाय झाडायला लागला, तोंडाला फेस आला. आणि मी, पत्रकवाला मास्तर, काय केलं? पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाशी धरली! तो उताणाच पडला होता. तोंडातला घास घशाकडे जात होता आणि मी चप्पल धरून "वशा, वशा" ओरडत होतो. शेवटी शेजारी धावून आले, त्यांनीच त्याला गाडीत घातलं.

अन्न फुप्फुसात गेलं, न्यूमोनिया झाला. शुद्धीवर आल्या-आल्या त्याने विचारलं, "कुशीवर वळवलं होतं न बे?" मी म्हणालो, "मंग? लगेच." लाज वाटली म्हणून बोललो, दुसरं काही कारण नव्हतं. तर तो वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरांना सांगत सुटला, "हा माहा दोस्त, मास्तर आहे. याले जमलं, तर कोणालेबी जमते." माझी मान वर होईना.

पुढे तो हीच केस लिहायला बसला, रोगी स्वतःच. एकदा त्याचा फोन आला. "मास्तर, नीट आठवून सांग. लगेच वळवलं, तरी घास फुप्फुसात काहून गेला, हेच मले समजून नाही राह्यलं." सांगून टाकायची तीच वेळ होती. मी म्हणालो, "पोहेच कोरडे झाले असतीन." आम्ही दोघंही हसलो... आठवलं की अजून स्वतःचाच संताप येतो.

दुसऱ्या झटक्याने तो गेला. तेरवीला वहिनींनी छापून आलेला अंक माझ्या हातात दिला. "भाऊजी, आभारात तुमचंच नाव आहे," कौतुकाने म्हणाल्या. त्यांच्या लेकीने मजकूर मराठीत समजावून सांगितला. रोग्याला तत्काळ कुशीवर वळवूनही हे घडलं, तेव्हा या सल्ल्याचा पुन्हा विचार व्हायला हवा, असं त्याने लिहिलंय. जे आयुष्यभर सांगत आला, त्याच्यावरच त्याने माझ्या शब्दाखातर शंका घेतली! आणि तो शब्द खोटा होता.

काल वहिनींना सगळं सांगितलं. त्या उठून आत गेल्या, पुन्हा बाहेर आल्याच नाहीत. मी थोडा वेळ बसलो आणि निघालो. त्या नियतकालिकालाही वशाच्या लेकीकडून पत्र लिहवून घेतलंय. ते छापतील तेव्हा छापतील. पण उमरखेडपासून वणीपर्यंत ज्यांच्या घरी फिटचा रोगी आहे, त्यांना तेवढं थांबता येणार नाही. म्हणून इथे, आपल्या जिल्ह्याच्या पेपरात लिहितो. वशाचं काही चुकलं नव्हतं. रोग्याला कुशीवरच वळवा. त्याला मी वळवलंच नव्हतं.