पदकावरचा हात

महाल वस्तीतल्या गल्लीत श्रीधररावांनी पंचेचाळीस वर्षं पदकांचे ठसे कोरले. पोलादावर उलटं कोरायचं, म्हणजे पदकावर सुलटं उमटतं. समोर डावं दिसलं की त्यांचा हात आपसूक उजवं कोरायचा. डोक्याला विचारायची गरजच उरली नव्हती.

शहरातल्या एका विद्वत्सभेला शंभर वर्षं झाली आणि तिच्या पदकाचं काम त्यांच्याकडे आलं. एका बाजूला पोथी, दुसऱ्या बाजूला दिवा पुढे करणारा उजवा हात, म्हणजे विद्या देणारा. श्रीधररावांनी ठरवलं, हात सुमतीचाच घ्यायचा.

सुमती त्यांची बायको. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं तिचा उजवा हात गेला होता. डाव्या हातानं जेवायची तिला इतकी लाज, की कोणी आलं की ती ताट झाकून बसे. तिचा डावा हात दिसतो तसाच कोरला, तर पदकावर उजवा उमटणार होता. गेलेला हात तिला एकदा धडधाकट दाखवावा, एवढीच म्हाताऱ्याची हौस.

तिच्या डाव्या हातात निरांजन देऊन त्यांनी तीन आठवडे कोरलं. पण सवय कुणाचं ऐकते? त्यांच्या हातानं जन्मभर केलं तेच केलं, उलटवून कोरलं. शिशावर घेतलेला छाप समोरच्या हाताशी तंतोतंत जुळला, आणि जुळला म्हणूनच त्यांना चूक दिसली नाही.

सभेचे चिटणीस रवींद्रबाबू छाप पाहायला घरी आले. सुमती आतल्या खोलीत होती, दार उघडंच होतं.

"श्रीधरराव, हा तं डावा हात आहे. डाव्या हातानं कोणी विद्या देते काय? अशुभ दिसते ते."

श्रीधररावांनी छापातला अंगठा नीट पाहिला, चूक दिसली, आणि छाप पालथा ठेवला. चिटणीस काही वाईट माणूस नव्हता. आता मशीनवरच करून घेतो, म्हणाला, आणि हळूच निघून गेला.

सुमतीनं छाप मागून घेतला, बराच वेळ पाहिला.

"माहाच हात आहे ना हा?"

"हो."

"मंग चांगला आला. तुमचं काही चुकलं नाही."

श्रीधररावांना वाटलं, निभावलं.

जेवणाच्या वेळी त्यांनी ताट पुढे ठेवलं, तर तिनं डावा हात पदराखाली घेतला.

"तुमीच भरवा मले," ती म्हणाली.

पुढे ती पाच महिने जगली. त्या हातानं तिनं पुन्हा घास उचलला नाही.