हिरव्या खुणेपलीकडची अक्षरं

२०१९च्या सुरुवातीला तलासरीकडे जमीन वरचेवर हादरत होती. आमच्या शाळेतल्या शिक्षकांना घरांच्या पंचनाम्याचं काम लागलं. माझ्या वाट्याला एक पाडा आला, आणि तडा गेलेल्या भिंतींचे फोटो काढायला शाळेचा कॅमेरा.

कॅमेरा आमच्या वरिष्ठ गुरुजींच्या कपाटात असायचा. स्नेहसंमेलनाचे, लग्नाकार्यांचे फोटो तेच काढत. त्या दिवशी त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हा स्विच इकडे सरकवला की चालू. काम झालं की लगेच बंद करायचा, बॅटरी फार टिकत नाही. वरची गोल चकती हिरव्या खुणेवर आहे, तिथेच राहू द्या."

"आणि बाकीची अक्षरं कसली?" मी विचारलं.

"त्यांच्याशी तुम्हाला काय करायचंय?"

मला राग आला, पण मी तो गिळला. पुन्हा विचारलं नाही, ही माझी चूक.

पाड्यावर तेरा घरं झाली. बहुतेक घरकुल योजनेतली, विटांची. लोक थंडीत अंगणात ताडपत्री टाकून राहत होते. शेवटून दुसरं घर एका विधवा बाईचं. तिची मुलगी बाळंतपणाला आलेली. खिडकीपासून छपरापर्यंत एवढा तडा गेला होता की माझी बोटं आत गेली. ती बाई म्हणाली, "बाय, नीट काढ गं. साहेबाला दिसला पाहिजे." मी तिला भिंतीजवळ उभं करून तीन फोटो काढले. उन्हात कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर काही दिसत नव्हतं. सावलीत जाऊन बघायचं मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत संगणकावर फोटो उघडले. पहिली दोन घरं स्वच्छ. पुढची अकरा पांढरी फटक, जणू कोरे कागद. स्विच आणि चकती अगदी शेजारी. प्रत्येक घरी चालू-बंद करताना कधीतरी माझ्या अंगठ्याने चकती सरकली होती आणि 'एम'वर बसली होती. तिथे किती उजेड आत घ्यायचा हे कॅमेरा स्वतः ठरवत नाही, ठरवून ठेवलेलं तेवढं पाळतो. आणि त्यात ठरवून ठेवलेलं होतं गुरुजींनी, एका अंधाऱ्या हॉलमधल्या लग्नासाठी. हे सगळं मला नंतर मोबाइलवर एक व्हिडिओ बघून कळलं. समजायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

गुरुजी माझ्यादेखत पंचनाम्याच्या अधिकाऱ्यांना फोनवर म्हणाले, "बाईंना कॅमेरा कळत नाही, साहेब."

आठवड्याने अधिकारी स्वतः आले. मी सोबत होते. दहा घरांचे तडे होते तसेच होते, त्यांचे फोटो झाले. त्या बाईने मात्र भिंत बुजवली होती. जावयाने सिमेंट आणून तडा भरला, वर चुना मारला. मुलगी बाळंत झाली होती. बाळाला घेऊन ती आत झोपली होती.

"इथे तर काही दिसत नाही," अधिकारी म्हणाले.

"मी पाहिलाय साहेब. हात घालून पाहिलाय. लिहून देते."

"लिहून काय करू? फोटो लागतो." आणि त्यांनी भरपाईच्या यादीतल्या त्या बाईच्या नावावर रेघ मारली.

ती माझ्याकडे वळली. "बाय, तू तर काढलास ना? तीन वेळा काढलास."

"खराब झाले," मी म्हणाले.

"कसे?"

मी चकतीचं सांगायला लागले आणि मध्येच थांबले. तिला ते कशाला ऐकवायचं? ती आत गेली, पाणी आणलं, आधी साहेबांना दिलं आणि मग मलाही दिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढे एकदा मी गुरुजींना स्टाफरूममध्ये गाठलं. "तेव्हा दोन वाक्यांत सांगितलं असतंत तर?"

"तुम्ही कुठे विचारलंत?" ते शांतपणे म्हणाले आणि वही तपासत राहिले. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

त्याच वर्षी माझी बदली डहाणूजवळ सरावलीकडे झाली. तिथून त्या पाड्यावर जाऊन यायला अर्धा दिवस पुरतो. सुट्ट्या आल्या, गेल्या. मी गेले नाही.